दानाचे नियोजन : व्यक्तिगत संपत्ती आणि सार्वजनिक हित

(कोपर्निकस मार्ग, नवी दिल्ली येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा कोपर्निकस मार्ग दिल्लीतील मराठी माणसाच्या परिचयाचा आहे. जुने महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर असून दूरदर्शन भवनही येथेच आहे. याच रस्त्यावरील श्रीराम भारतीय कला केंद्राकडे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने वेगळ्या दृष्टीने पाहिले पाहिजे. सुमित्रा चरतराम यांनी १९५२ मध्ये ही संस्था उभी केली. त्यांचे सासरे लाला श्रीराम हे दिल्ली क्लॉथ मिल्स या उद्योगसमूहाचे प्रमुख होते. दिल्लीतील श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्स आणि १९५६ मध्ये सुरू झालेले लेडी श्रीराम महाविद्यालय ही याच घराण्याच्या दातृत्वाची फळे होत. पुढे १९९०च्या सुमारास या उद्योगसमूहाची कुटुंबात वाटणी झाली. ज्या कापडाच्या व्यवसायातून ही संपत्ती निर्माण झाली, त्याचे दिल्लीतील वैभव आज उरलेले नाही. महाविद्यालये आणि कला केंद्र मात्र चालू आहेत.

संपत्ती टिकवण्याचे मार्ग अनेक आहेत. परंतु व्यवसाय, वारसा आणि बाजार या तिन्हींच्या चढउतारांतून जे टिकून राहिले, त्यात सार्वजनिक कार्यासाठी वेळीच वेगळ्या काढलेल्या संपत्तीचे प्रमाण लक्षणीय आहे. ‘वेळीच’ आणि ‘वेगळी काढलेली’ हे दोन शब्द या विवेचनाचा गाभा आहेत. व्यक्तीच्या दीर्घकालीन आर्थिक नियोजनात दानाला स्थान असावे काय, असल्यास कोणत्या टप्प्यावर, किती प्रमाणात आणि कोणत्या कायदेशीर स्वरूपात, या प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

संकल्पना

दान ही भारतीय समाजाला नवी गोष्ट नाही. अन्नछत्र, धर्मशाळा, विहीर, पाणपोई, वसतिगृह अशा रूपांनी ते सर्वत्र दिसते. मात्र यातील बरेचसे दान प्रासंगिक असते. भूकंप झाला, महापूर आला, कोणी दारात येऊन उभे राहिले की हात खिशाकडे जातो. प्रासंगिक दानाचे मोल कमी नाही. आपत्तीच्या वेळी तेच उपयोगी पडते. परंतु शाळा, रुग्णालय, ग्रंथालय किंवा संशोधन संस्था यांना दरवर्षी वेतन, वीजबिल आणि दुरुस्ती यांचा खर्च करावा लागतो. त्यांना नियमित व अंदाज बांधता येईल असे उत्पन्न हवे असते. दाता प्रासंगिक आणि संस्था नित्य, या विसंगतीतून अनेक चांगली कामे अर्धवट राहतात.

नियोजित दान म्हणजे उत्पन्न, बचत, गुंतवणूक, विमा, निवृत्ती आणि वारसा यांचा आराखडा तयार करतानाच सार्वजनिक कार्याचा वाटा निश्चित करणे. यात तीन प्रकार संभवतात. पहिला, चालू उत्पन्नातून नियमाने दिलेला अंश. दुसरा, हयातीत संपत्तीचा काही भाग कायमचा वेगळा काढून विश्वस्त निधी निर्माण करणे. आणि तिसरा, मृत्युपत्राद्वारे केलेले दान. या तिन्हींची उत्तम उदाहरणे महाराष्ट्राच्या इतिहासात सापडतात आणि प्रत्येकात काही धोक्याची सूचनाही दडलेली आहे.

इतिहासाची साक्ष

अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड हे पहिल्या प्रकाराचे उदाहरण होय. प्रत्येकाने अगदी अल्प, म्हणजे एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभारावेत, अशी ही कल्पना होती. लोकमान्य टिळकांचा तिला पाठिंबा लाभला आणि १९०८ मध्ये तळेगाव येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. रक्कम लहान असली तरी देणाऱ्यांची संख्या मोठी आणि सातत्य टिकलेले असेल, तर भांडवल उभे राहते, हा अर्थशास्त्रातील साधा नियम या प्रयोगाने सिद्ध केला.

दुसऱ्या प्रकारात मुंबईचे प्रेमचंद रायचंद यांचे नाव घ्यावे लागेल. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे भारतीय कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या काळात प्रेमचंद हे मुंबईच्या सट्टाबाजाराचे अनभिषिक्त राजे मानले जात. १८६४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये आणि आपल्या मातुःश्री राजाबाई यांच्या स्मरणार्थ मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. पुढच्याच वर्षी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, बँका व कंपन्या बुडाल्या आणि प्रेमचंद यांची प्रचंड संपत्ती नाहीशी झाली. विद्यापीठाकडे सुपूर्द केलेली रक्कम मात्र सुरक्षित राहिली. राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला व आजही उभा आहे. देणगीसाठी त्यांनी आणखी एक वर्ष वाट पाहिली असती, तर देण्यासाठी फारसे काही उरले नसते.

जमशेटजी टाटा यांचा मार्ग अधिक पद्धतशीर होता. उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना साहाय्य करणारा निधी त्यांनी १८९२ मध्ये स्थापन केला. १८९८ मध्ये विज्ञान संशोधन संस्थेसाठी त्यांनी मुंबईतील आपल्या स्थावर मालमत्तेचा मोठा भाग देऊ केला. ब्रिटिश सरकारच्या मंजुरीला विलंब लागला आणि १९०४ मध्ये जमशेटजींचे निधन झाले. संकल्प कागदावर व कुटुंबाच्या संमतीने पक्का झालेला असल्याने दोराबजी व रतनजी या पुत्रांनी तो पूर्ण केला आणि १९०९ मध्ये बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्था अस्तित्वात आली. पुढे या दोघा बंधूंच्या संपत्तीतून सर रतन टाटा न्यास व सर दोराबजी टाटा न्यास स्थापन झाले. टाटा सन्स या कंपनीचे सुमारे दोनतृतीयांश भाग आज टाटा न्यासांकडे आहेत. त्यामुळे कंपनीच्या लाभांशाचा मोठा हिस्सा आपोआप सार्वजनिक कार्याकडे वळतो. दानाची तरतूद मालकीच्या रचनेतच केलेली असल्याने प्रत्येक पिढीला उदारतेचा नवा निर्णय घ्यावा लागत नाही.

महाराष्ट्रातील शिक्षणसंस्थांचा इतिहासही याच प्रकारच्या देणग्यांनी घडलेला आहे. महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये आपल्या मातुःश्री नाथीबाई यांच्या स्मरणार्थ पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. भारतीय नियोजनाच्या इतिहासात गाडगीळांचे स्थान ज्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, त्यांनी त्यामागील या देणगीचेही स्मरण ठेवावे.

कुटुंबाची सुरक्षितता

दानाच्या इतिहासात एक बाजू सहसा सांगितली जात नाही. ती देणाऱ्याच्या घराची आहे. महर्षी कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रमाचे काम आरंभिले. आपली बचत आणि आपल्या आयुष्याच्या विम्याची पॉलिसीदेखील त्यांनी या कामाला वाहिली. हा त्याग असामान्य होता. परंतु संसार चालवण्याचा भार आनंदीबाईंवर, म्हणजे बाया कर्वे यांच्यावर होता. त्यांच्या ‘माझे पुराण’ या आत्मकथनात संसारातील ओढाताणीचे चित्र मोकळेपणाने आले आहे. त्याचप्रमाणे साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने मोडले, ही कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या कार्यातील सर्वश्रुत घटना आहे.

या थोर व्यक्तींपुढे नतमस्तक व्हावे, हे योग्यच आहे. परंतु त्यांचे उदाहरण नियम म्हणून सर्वसामान्य कुटुंबापुढे ठेवता येणार नाही. विमा हा कमावत्या माणसाच्या मृत्यूनंतर घराला आधार देण्यासाठी असतो आणि स्त्रीचे दागिने हा आपल्या समाजात तिचा अखेरचा राखीव निधी असतो. नियोजनाचा हेतूच असा की, दान आणि घराची सुरक्षितता यांपैकी एकाचीच निवड करण्याची वेळ येऊ नये. दानाचा निर्णय पतीपत्नी दोघांनी मिळून घ्यावा आणि प्रौढ मुलांना त्याची कल्पना द्यावी, ही गोष्ट म्हणूनच महत्त्वाची ठरते. टाटांचा संकल्प त्यांच्या पश्चात सिद्धीस गेला, याचे एक कारण कुटुंबाची संमती हे होते. घरात न सांगता केलेले दान पुष्कळदा न्यायालयात जाऊन पोहोचते.

आज द्यावे की उद्या?

अर्थशास्त्रीय दृष्टीने हा सर्वांत रोचक प्रश्न आहे. हाती असलेले एक लाख रुपये आज द्यावेत, की गुंतवून वीस वर्षांनी मोठी रक्कम द्यावी? चक्रवाढ व्याजाचे आकर्षण दुसऱ्या पर्यायाकडे ओढते. बेंजामिन फ्रँकलिन यांनी हा प्रयोग प्रत्यक्ष करून पाहिला. १७९० मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रान्वये बोस्टन व फिलाडेल्फिया या शहरांना प्रत्येकी एक हजार पौंड मिळाले. ही रक्कम तरुण कारागिरांना कर्जाऊ द्यावी, व्याजासह वाढू द्यावी आणि दोनशे वर्षांनी वापरून टाकावी, अशी अट होती. १९९० च्या सुमारास बोस्टनचा निधी सुमारे पन्नास लाख डॉलर, तर फिलाडेल्फियाचा सुमारे वीस लाख डॉलर झालेला होता. रक्कम एकच, अट एकच आणि काळही एकच. परिणामात मात्र दुपटीहून अधिक अंतर पडले. दीर्घ काळात व्याजदराइतकेच व्यवस्थापन महत्त्वाचे असते, हा यातील बोध.

भारतात या प्रश्नात महागाईची भर पडते. शाळा-महाविद्यालयांत स्मृतिप्रीत्यर्थ ठेवलेल्या पारितोषिक निधींचे उदाहरण घ्या. एखाद्या दात्याने पाच लाख रुपये कायम ठेव म्हणून दिले आणि सात टक्के दराने वर्षाला ३५,००० रुपये व्याज मिळू लागले. सर्व व्याज दरवर्षी शिष्यवृत्तीसाठी वापरले, तर मुद्दल कागदावर पाच लाखच राहते. महागाईचा दर सहा टक्के धरला, तर बाहत्तरच्या नियमानुसार बारा वर्षांत पैशाची क्रयशक्ती निम्मी आणि चोवीस वर्षांत पाव होते. म्हणजे चोवीस वर्षांनंतर मिळणारे ३५,००० रुपये आजच्या पावणेनऊ हजारांइतकेच ठरतात. जी शिष्यवृत्ती आरंभी एका विद्यार्थिनीचे वर्षभराचे शुल्क भागवत होती, ती पुढे तिच्या वह्यापुस्तकांनाही पुरत नाही. फलकावरील नाव तसेच राहते, उद्देश मात्र हळूहळू विरतो.

यावर दोन उपाय संभवतात. पहिला, केवळ वास्तव परतावा, म्हणजे व्याजदर वजा महागाईदर, इतकाच खर्च करावयाचा आणि उरलेले व्याज मुद्दलात मिळवावयाचे. वरील उदाहरणात वास्तव परतावा जेमतेम एक टक्का असल्याने पाच लाखांवर वर्षाला केवळ पाच हजार रुपये खर्चता येतील. दुसरा उपाय म्हणजे ‘कायम’ हा शब्द सोडून देणे. तीच पाच लाखांची रक्कम व्याजासह वीस वर्षांत पूर्णपणे वापरावयाची ठरवली, तर आजच्या किमतीत दरवर्षी सुमारे २७,५०० रुपये देता येतात. वीस विद्यार्थिनींचे प्रत्येकी एक वर्ष त्यातून मार्गी लागते. मध्यम ऐपतीच्या दात्याला आपले नाव अनंतकाळ टिकवण्याचा मोह आवरता आला, तर त्याच्या पैशाचे सामाजिक फळ अधिक मिळते. ज्यांच्याकडे मोठी संपत्ती व उत्तम व्यवस्थापन आहे, त्यांनीच चिरंतन निधीचा मार्ग धरावा.

आणखी एक निकष आहे. ज्या समस्या विलंबाने वाढत जातात, त्यांच्यासाठी आज दिलेला रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोलाचा असतो. बालकांचे पोषण, लसीकरण, शाळेतून होणारी मुलींची गळती यांत गेलेले वर्ष परत मिळत नाही. ग्रंथालय किंवा संशोधन अशा कार्यांसाठी मात्र निधी साठवून देणे योग्य ठरू शकते.

कायद्याची चौकट

सार्वजनिक कार्यासाठी संस्था स्थापन करण्याचे तीन प्रमुख मार्ग आहेत : सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था, १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखालील संस्था आणि कंपनी कायदा, २०१३च्या कलम ८ खालील ना-नफा कंपनी. १८८२चा भारतीय न्यास कायदा खासगी न्यासांना लागू आहे. सार्वजनिक न्यासांसाठी महाराष्ट्रात १९५०चा स्वतंत्र कायदा असून त्यांच्यावर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. न्यासाची स्थावर मालमत्ता विकण्यास आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. मूळ उद्देश कालबाह्य किंवा अशक्य झाल्यास त्याच्या शक्य तितक्या जवळच्या उद्देशासाठी निधी वापरण्याची तरतूदही या कायद्यात आहे. स्वतःचा न्यास काढण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु नोंदणी, लेखापरीक्षण, वार्षिक विवरणपत्रे आणि विश्वासू विश्वस्तांची परंपरा यांचा खर्च लहान रकमेला पेलत नाही. अशा दात्याने कार्यरत संस्थेलाच विशिष्ट उद्देशासाठी देणगी देणे श्रेयस्कर.

आयकर कायदा, १९६१च्या कलम ८०-जी अन्वये मान्यताप्राप्त संस्थांना दिलेल्या देणगीच्या ५० किंवा १०० टक्के रकमेची वजावट ठेवण्यात आली. काही निधी वगळता इतर देणग्यांसाठी समायोजित एकूण उत्पन्नाच्या दहा टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीला वजावट मिळू नये, असा बदल २०१७च्या वित्त कायद्याने झाला. वस्तुरूप देणगीला ही सवलत नव्हती. २०२३-२४ या वित्तीय वर्षापासून व्यक्तींसाठी नवी करप्रणाली मूळ प्रणाली झाली आणि तीत ही वजावट मिळत नाही. १९६१च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा, २०२५ करण्यात आला असून त्याच्या अंमलबजावणीचा दिनांक १ एप्रिल २०२६ हा ठरवण्यात आला.

करसवलतीविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. वजावट ही उत्पन्नातून होते, करातून नव्हे. जुन्या प्रणालीत वीस टक्क्यांच्या टप्प्यातील व्यक्तीने ५० टक्के वजावटीच्या संस्थेला दहा हजार रुपये दिले, तर वजावट पाच हजारांची आणि वाचणारा कर उपकरासह १,०४० रुपये इतका असतो. उरलेले जवळजवळ नऊ हजार रुपये दात्याच्याच खिशातून जातात. सबब कर वाचवण्यासाठी दान करावे, हा सल्ला अंकगणिताच्या कसोटीवरही टिकत नाही. दान करावयाचे ठरल्यानंतर सवलत अवश्य घ्यावी, इतकेच त्याचे स्थान.

वारशाच्या संदर्भात भारताची स्थिती वैशिष्ट्यपूर्ण आहे. १९५३ मध्ये सुरू झालेले मालमत्ता शुल्क, म्हणजे मृत्यूनंतर संपत्तीवर आकारला जाणारा कर, १९८५ मध्ये रद्द झाला आणि संपत्ती करही २०१५च्या वित्त कायद्याने संपुष्टात आला. अमेरिकेत मोठ्या वारशावर कर असल्याने मृत्युपत्राद्वारे दान करण्यास आर्थिक प्रोत्साहन मिळते. भारतात ते नाही. येथे मृत्युपत्रातील दान सर्वस्वी देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते, म्हणूनच ते स्पष्ट शब्दांत लिहून ठेवणे अगत्याचे ठरते.

मृत्युपत्रासाठी भारतीय वारसा कायदा, १९२५ नुसार दोन साक्षीदारांची स्वाक्षरी आवश्यक आहे. नोंदणी ऐच्छिक आहे. हिंदू व्यक्तीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतील आपल्या हिश्शाचीही मृत्युपत्राने व्यवस्था करता येते. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यानुसार सामान्यतः एकतृतीयांश संपत्तीपुरतेच मृत्युपत्र करता येते; त्याहून अधिक भागासाठी वारसांची संमती लागते. याच १९२५च्या कायद्याचे कलम ११८ प्रामुख्याने ख्रिस्ती नागरिकांवर निर्बंध घालत होते. जवळचे नातलग असलेल्या व्यक्तीला धर्मादाय कार्यासाठी संपत्ती द्यावयाची असेल, तर मृत्यूपूर्वी किमान बारा महिने मृत्युपत्र केलेले असावे व ते सहा महिन्यांत विहित ठिकाणी जमा केलेले असावे, अशी त्यात अट होती. जॉन वल्लमट्टम विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हे कलम समानतेच्या हक्काचा भंग करणारे म्हणून रद्दबातल ठरवले. नामनिर्देशनाविषयीही असाच खुलासा झालेला आहे. समभागांचा नामनिर्देशित हा वारसांना डावलून पूर्ण मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले. दानाचा हेतू असेल तर तो मृत्युपत्रातच नमूद असावा, हा त्याचा व्यावहारिक अर्थ.

मध्यमवर्गीय कुटुंबाचा आराखडा

दानाचे नियोजन हा धनिकांचाच विषय आहे, अशी समजूत आढळते. महाराष्ट्रात तिचे उत्तम खंडन पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी केले. कलेच्या व लेखनाच्या उत्पन्नातून त्यांनी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठान स्थापन केले. १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राला त्यांनी दिलेली एक लाख रुपयांची देणगी आधारभूत ठरली. आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेची ‘पुलस्त्य’ ही वास्तू प्रतिष्ठानाच्या साहाय्याने उभी राहिली. २००९ मध्ये सुनीताबाईंचे निधन झाले, पु. लं.च्या साहित्याचे आपल्याकडील हक्क त्यांनी मृत्युपत्राने आयुकाला दिले. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. पु. लं.चे निधन २००० मध्ये झाले. म्हणजे २०६० च्या अखेरपर्यंत हे हक्क उत्पन्न देऊ शकतात. हयातीत रोख दान, संस्थात्मक निधी आणि शेवटी बौद्धिक संपदेचे मृत्युपत्र, असे तिन्ही प्रकार एका दांपत्याच्या आयुष्यात सुसंगतपणे दिसतात.

सामान्य नोकरदारासाठी क्रम पुढीलप्रमाणे सुचवता येईल. सहा महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक, आरोग्य विमा, कमावत्या व्यक्तीचा मुदत विमा, जाचक व्याजाच्या कर्जाची फेड आणि निवृत्तीसाठी बचत यांना अग्रक्रम असावा. यावर असा आक्षेप येईल की, हे सर्व पूर्ण होईपर्यंत माणूस पन्नाशी गाठतो, मग दानाची पाळी केव्हा येणार? आक्षेप रास्त आहे. म्हणून प्रमाण लहान ठेवून आरंभ पहिल्या वेतनापासून करावा आणि जबाबदाऱ्या कमी होतील तसे प्रमाण वाढवावे.

उदाहरणादाखल, दरमहा साठ हजार रुपये मिळवणाऱ्या कर्मचाऱ्याने दोन टक्के, म्हणजे १,२०० रुपये सार्वजनिक कार्यासाठी ठरवले. त्यातील सहाशे रुपये तो एका संस्थेला दरमहा देतो आणि सहाशे रुपये स्वतंत्र दाननिधी म्हणून गुंतवतो. वार्षिक आठ टक्के परतावा धरल्यास पंचवीस वर्षांत या सहाशे रुपयांचे सुमारे ५ लाख ७० हजार होतात. सहा टक्के महागाई गृहीत धरता आजच्या किमतीत ही रक्कम सुमारे १ लाख ३३ हजार भरते. वेतनवाढीबरोबर हप्ताही वाढवला नाही, तर संकल्प महागाईत झिजतो, हे या आकड्यांवरून ध्यानात येईल. देणगीचे प्रमाण रकमेत न ठरवता टक्क्यांत ठरवावे, ते याच कारणासाठी.

संस्थेची निवड करताना नोंदणी, लेखापरीक्षित हिशेब, वार्षिक अहवाल आणि प्रत्यक्ष भेट या चार गोष्टी पाहाव्यात. प्रशासनावर काहीच खर्च न करणारी संस्था उत्तम, असे मानू नये. हिशेब ठेवणारा कारकून आणि प्रशिक्षित परिचारिका यांचे वेतनही सेवेचाच भाग असते. दर तीन ते पाच वर्षांनी देणगीचा फेरआढावा घ्यावा.

शासन आणि दाते

दानाचे गुणगान करताना त्याच्या मर्यादाही मांडल्या पाहिजेत. दाता आपल्या आवडीनुसार देतो. महानगरातील नामांकित संस्थेला देणगी सहज मिळते. गडचिरोली किंवा नंदुरबारमधील आरोग्य उपकेंद्राला ती क्वचित मिळते. करसवलतीमुळे शासनाचा काही महसूल बुडतो. म्हणजे त्या प्रमाणात सार्वजनिक पैसा कोठे जावा, हे दाता ठरवत असतो. लोकनियुक्त विधिमंडळाच्या अर्थसंकल्पाला जी जबाबदेही असते, ती दात्याला नसते. संपत्तीचे केंद्रीकरण सर्वसामान्यांच्या हिताला बाधक होऊ नये, असे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ मधील मार्गदर्शक तत्त्व सांगते. त्याची पूर्तता दानावर सोडता येणार नाही; प्राथमिक शिक्षण व सार्वजनिक आरोग्य ही शासनाची जबाबदारी आहे. कंपन्यांसाठी १ एप्रिल २०१४ पासून सामाजिक उत्तरदायित्वाची तरतूद लागू झाली आणि ठरावीक निकषांत बसणाऱ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के खर्च बंधनकारक झाला. व्यक्तीसाठी असे बंधन नाही आणि नसावे. महात्मा गांधींच्या विश्वस्त कल्पनेचा भर कायद्याच्या सक्तीपेक्षा धनवानाच्या विवेकावर होता.

शासन जेथे नियमाने पोहोचते तेथे दात्याने त्याची पुनरावृत्ती करू नये. जेथे नवा प्रयोग करावयाचा आहे, तेथे जोखीम घ्यावी. महिला विद्यापीठ, विज्ञान संस्था, व्यसनमुक्ती केंद्र ही सर्व कार्ये आरंभी प्रयोगच होती. त्यातील यशस्वी प्रयोगांना पुढे शासनाची मान्यता व साहाय्य लाभले.

समारोप

येथे उपस्थित असलेल्यांपैकी अनेक जण उद्या प्रशासनात जातील. कोणी धर्मादाय आयुक्तालयाच्या धारिका हाताळतील, कोणी आयकर विभागात असतील, कोणी जिल्ह्याचा कारभार पाहतील. स्मृतिनिधीच्या पावत्या कपाटात पडून आहेत, विश्वस्त दिवंगत झाले आहेत आणि उद्देशाची कोणाला आठवण नाही, अशी प्रकरणे त्यांच्या टेबलावर येतील. त्या प्रत्येक कागदामागे कोणा शिक्षकाची भविष्य निर्वाह निधीची रक्कम असेल, कोणा विधवेने मोडलेले दागिने असतील. ती रक्कम तिच्या उद्देशापर्यंत पोहोचवणे ही प्रशासकाची जबाबदारी राहील.

त्यापूर्वी यांतील प्रत्येकाच्या हाती पहिले वेतन पडेल. त्या दिवशी खर्चाची यादी लिहिताना घरभाडे, आईवडिलांना पाठवावयाची रक्कम आणि बचत यांच्या खाली आणखी एक ओळ लिहिता येईल. आकडा लहान असला तरी चालेल. पैसा फंडाची सुरुवात एका पैशानेच झाली होती.